स्वतःला सोडून

रुमाना दाभोळहून विचारते,
"अब्बा, अठ्ठावीसचे विभाजक सांगा."
मी रुवैसला, मनी एक्स्चेंजच्या रांगेत.
पुढे एकोणीस हेल्मेटं,
मागे किती ते वळून बघत नाही.
काचेपलीकडे दमट काळोख,
रिफायनरीची ज्योत त्यात
दुधात पडलेल्या केशरकाडीसारखी पसरलेली.

एक, मी म्हणतो. एक तर सगळ्यांनाच लागतो.
दोन. चार.
"सात," ती घुसते, "सात मी सांगणार होते."
चौदा.
आणि अठ्ठावीस स्वतः?
"नाही अब्बा, स्वतःला धरायचं नाही.
बाईंनी दोनदा सांगितलंय.
आता करा बेरीज."

रांग एक पाऊल सरकते.
मी बोटांच्या पेरांवर मोजतो.
चौदा नि सात एकवीस, चार पंचवीस,
दोन सत्तावीस,
नि तो सगळ्यांना लागणारा एक.
"झाली ना तेवढीच? बघा!
अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात."

तिला माहीत नाही,
माझ्या खिशात अठ्ठावीसशे दिरहम आहेत.
चौदाशे घरी.
सातशे चुलतभावाला, व्हिसाचे, अजून अकरा महिने.
चारशे मेसचे.
दोनशे तिच्याच क्लासचे.
शंभर या फोनचे, ज्यावर ती आत्ता हसतेय.
निःशेष भाग जातो.
पावतीच्या पाठीवर मी दर महिन्याला हा हिशेब मांडतो,
दर महिन्याला तो जुळतो,
आणि जुळला की छातीत काहीतरी खटकन बसतं,
पेटीचं कुलूप बसावं तसं.
याला नाव असेल असं वाटलं नव्हतं.
असं नाव असेल, असं तर मुळीच नाही.

पहिल्या वर्षी सोळाशे होते.
आठशे, चारशे, दोनशे, शंभर.
पंधराशेच होतात. पुन्हा केली तरी पंधराशेच.
"ती न्यून संख्या," रुमाना म्हणते,
"तिचे भाग तिला पुरत नाहीत."
असेल.
पण त्या न्यूनाच्या शंभरावर
मी शुक्रवारी बस पकडून किनाऱ्यावर जायचो.
कागदी पेल्यात करक चहा,
मासे विकणाऱ्याशी उगाच घासाघीस,
एकदा तर निळी टोपी घेतली,
डोक्याला बसत नव्हती तरी.

फोरमन सांगून गेलाय, पुढच्या महिन्यापासून तीन हजार.
खोलीत आम्ही सहा,
एकटा गुलरेज पेशावरचा, दोघे नेपाळी, तिघे आपल्याकडचे.
गुलरेजने सगळ्यांना चहा पाजला.
मी खाटेवर पडून तीसचे भाग पाडले.
पंधराशे, हजार, सहाशे, पाचशे,
तीनशे, दोनशे, शंभर.
बेचाळीसशे!
छपराचे पत्रे, मेहुण्याची रिक्षा, धाकटीचं लग्न,
सगळ्यांचा भाग बरोबर जातो त्या तीसला
आणि तीस कमी पडतात.
पगारवाढीचं अजून घरी बोललो नाही.

"आणि अब्बा, विषम परिपूर्ण संख्या
अजून कुणाला सापडलेलीच नाही.
नाहीच आहे, असंही कुणी सिद्ध केलं नाही."
कुणीच नाही?
"जगात कुणीच नाही. शोधतायत."
हे ऐकून मला का बरं वाटलं,
मला सांगता येणार नाही.
विषम म्हणजे जोडी लावून एक उरतो तो.
असेल बसलेला कुठेतरी,
पार लांब, आकड्यांच्या वाळवंटात,
एकटा, आणि तरी पुरेसा.

आता पुढे तिघंच आहेत.
"रुमाना, स्वतःला धरायचं नाही हे कुणी ठरवलं?"
"म्हणजे?"
"धरलं तर काय होतं?"
पेन्सिलचा आवाज ऐकू येतो, मग खोडरबरचा,
मग तिच्या आईचा, जेवायला हाक मारणारा.
"छप्पन्न," ती म्हणते.
"धरलं तर छप्पन्न होतात, अब्बा. दुप्पट."

काचेमागची मुलगी बोट वाजवते.
किती पाठवायचे?
मी नोटा मोजतो.
पुन्हा मोजतो.